पावती, मतपेटी आणि स्टे

महाराष्ट्रातल्या कारखान्यात कामगारांची खरी युनियन कोणती हे ठरवताना कायदा कामगाराचं मत विचारत नाही, त्याची पावती बघतो. १९७१ चा मान्यता आणि अनुचित श्रम प्रथांविषयीचा राज्य कायदा सप्टेंबर १९७५ मध्ये अंमलात आला, आणि त्याचा हिशेब अगदी किराणा दुकानाच्या वहीसारखा आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेली आस्थापना, त्यात किमान ३० टक्के सभासद, तेही अर्जाच्या आधीचे सहा महिने सलग, आणि सभासदाची वर्गणी महिन्याला किमान पन्नास पैसे. युनियननं इंडस्ट्रियल कोर्टात अर्ज करायचा, कोर्टाचा इन्व्हेस्टिगेटिंग ऑफिसर येऊन पावती बुकं, सभासद रजिस्टर आणि कंपनीचा हजेरीपट एकमेकांशी ताडून पाहणार, आणि आकडा जुळला की 'मान्यताप्राप्त' असा शिक्का.

हा शिक्का काय देतो हे ज्यानं वाटाघाटींच्या खोलीबाहेर उभं राहून दिवस काढलेत त्याला विचारावं. पगारवाढीचा करार मान्यताप्राप्त युनियनच करणार. सामूहिक प्रश्नावर कोर्टात तीच उभी राहणार. नोटीस बोर्ड तिला, कामाच्या वेळेत सभासदांशी बोलायची मुभा तिला. बाकीच्यांच्या हाती कोणाला कामावरून काढलं, निलंबित केलं, तर त्याची एकट्याची केस चालवणं तेवढं उरतं. एका युनियनला इतके अधिकार द्यावेत का, यावर बामर लॉरीच्या कामगारांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण झालं. १९८४ च्या शेवटी कोर्टानं ही रचना घटनेला धरून असल्याचं सांगितलं. एका आस्थापनेत एकच तोंड बोलावं ही कल्पना मलाही मान्य आहे. पण मग ते तोंड कोणाचं, हे लवकर आणि नीट ठरायला हवं. गाडी अडते ती इथेच, आणि माझं म्हणणं असं की ती अडवण्यात हायकोर्टाच्या रिट अधिकारक्षेत्राचा, म्हणजे खालच्या निर्णयात थेट हात घालायच्या त्याच्या अधिकाराचा, हात बराच मोठा आहे.

अर्ज शक्यतो तीन-चार महिन्यांत निकाली काढावा असं कायद्यातच लिहिलंय. हे 'शक्यतो' किती ताणता येतं ते सोडून देऊ. इंडस्ट्रियल कोर्टाच्या निर्णयावर अपील नाही. म्हणजे हरलेल्या बाजूला हायकोर्टाचं एकच दार उरतं, घटनेचा अनुच्छेद २२६ (रिट) किंवा २२७ (खालच्या कोर्टांवरची देखरेख). आपल्याकडचे वकील सवयीनं याचिकेवर दोन्ही आकडे घालतात. मग एकल न्यायाधीशानं नेमका कोणता अधिकार वापरला, त्यावर खंडपीठाकडे अपील चालतं की नाही, हा आणखी एक वाद. उमाजी केशव मेश्राम यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये यावर पानंच्या पानं लिहिली, तरी तो मुद्दा अजूनही निघतो. कामगार तोवर गेटवर विचारत असतो, 'साहेब, आपली तारीख कधी?'

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक, पण चाकण, वाळूज किंवा सातपूरला राहणाऱ्याला ओळखीचं वाटेल असं. कारखान्यात ४०० कायम कामगार. जुनी मान्यताप्राप्त युनियन थंड पडलेली. नव्या युनियननं वर्षभर खपून २६० पावत्या फाडल्या, अर्ज केला, पडताळणी झाली, इंडस्ट्रियल कोर्टानं जुनीच्या जागी नवीला मान्यता दिली. जुनी युनियन हायकोर्टात गेली. पहिल्याच तारखेला आदेश आला: नोटीस काढा, पुढील सुनावणीपर्यंत स्थगिती. कागदावर हा आदेश निरुपद्रवी दिसतो. जैसे थे ठेवलं, कोणाचं काही गेलं नाही. पण जैसे थे म्हणजे जुनी युनियन खुर्चीवर कायम. करार संपत आलेला असतो, तिनं व्यवस्थापनाबरोबर पुढच्या तीन-चार वर्षांचा करार करून टाकला की नव्या युनियनकडे लढायला शिल्लक काय राहिलं? तिच्या पुढाऱ्यांपैकी दोघांची बदली झालेली असते, एकावर चौकशी लावलेली असते. ज्यांनी पावत्या फाडल्या ते विचारू लागतात, पैसे भरून मिळालं काय? अंतिम सुनावणीला याचिका येते तेव्हा २६० चे ९० झालेले असतात आणि विरुद्ध बाजूचा वकील उठून म्हणतो, आता यांच्याकडे सभासदच नाहीत. आणि ते खरंही असतं!

जमिनीच्या दाव्यात स्थगिती दिली तर जमीन जागेवर राहते. युनियनचं सभासदत्व जागेवर राहत नाही. म्हणून मान्यतेच्या वादात अंतरिम स्थगितीला तटस्थ आदेश म्हणणं मला पटत नाही. तो बहुतेक वेळा निकालच असतो, फक्त कारणं न देता दिलेला.

आता पावतीऐवजी मतपेटी ठेवली तर? भांडुपच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या दोन युनियनांच्या वादात ते करून पाहिलं गेलं होतं. संमतीनं गुप्त मतदान झालं. प्रकरण वर गेलं तेव्हा सुप्रीम कोर्टानं १९९० मध्ये सांगितलं की महाराष्ट्राच्या कायद्याला मतदानाचा मार्ग ठाऊक नाही. कायदा सहा महिन्यांचं सलग सभासदत्व मागतो, एका दिवसाचा कौल मागत नाही, आणि पक्षकारांच्या संमतीनं कायद्यात नसलेली रीत आणता येत नाही. कायद्याचे शब्द पाहिले तर या निकालात खोट काढता येत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री काय काय होतं, बिर्याणीपासून धमकीपर्यंत, हे माहीत असलेल्याला सहा महिन्यांच्या कसोटीमागचा विचारही कळतो. तरीही तो निकाल वाचताना हळहळ वाटते. ज्या दोघांचं भांडण, त्या दोघांनी ते मिटवायचा सरळ रस्ता शोधला होता. पावती बुक हा काही देव्हाऱ्यातला पुरावा नव्हे. पन्नास पैशांच्या वर्गणीची सहा महिन्यांची पुस्तकं एका रात्रीत, एकाच पेनानं लिहिता येतात. कामगाराकडे दोन्ही युनियनांच्या पावत्या निघतात, कारण नाही कोणाला म्हणायचं? मतदानाच्या पडद्यामागे शिक्का मारताना मात्र त्याला एकच निवडावी लागते.

गिरणगावाला हे वेगळं सांगायला नको. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं कापड धंद्यात २५ टक्के सभासद असलेल्या युनियनला 'प्रातिनिधिक' ठरवलं, आणि ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाची होती. अशा युनियनचा प्रतिनिधित्वाचा हक्क किती पक्का, हे गिरजाशंकर काशीराम यांच्या प्रकरणात १९६२ सालीच स्पष्ट झालं होतं: ती समोर उभी राहिली की कामगाराला स्वतःच्या नावानं बोलायलाही जागा उरत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते आणि कायद्याच्या नजरेत त्यांचा प्रतिनिधी दुसराच होता. तो कायदा रद्द करा ही सामंतांची मागणी पगारवाढीइतकीच गाजली. संप का फसला याची कारणं अनेक आहेत, गिरण्यांच्या जमिनी, मालकांचा धंद्यातला उडालेला रस, केंद्र सरकारचा हट्ट, आणि सामंतांचे स्वतःचे अंदाजही. पण कामगार कोणाबरोबर आहेत हे विचारायला कोणी एक मतपेटी ठेवली असती तर त्या दीड वर्षात निदान बोलणी कोणाशी करायची हा प्रश्न उरला नसता.

महाराष्ट्राच्या कायद्याबाहेर मतपेटी आली आणि टिकलीही. फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या (भारतीय अन्न महामंडळाच्या) प्रकरणात १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं गुप्त मतदानाची पूर्ण पद्धतच घालून दिली: निवडणूक अधिकारी कोणी नेमायचा, मतदार यादी कशी करायची, आक्षेप कधी घ्यायचे. महाराष्ट्रात कायद्यानंच पावतीची रीत ठरवलेली होती. फूड कॉर्पोरेशनला तशी कायद्याची चौकट नव्हती, म्हणून तिथे कोर्टाला मोकळी जागा मिळाली. रेल्वेत २००७ पासून गुप्त मतदानानं मान्यता ठरते. तिथला अनुभव सांगतो की मतपेटी आणली म्हणजे काम झालं असंही नाही. २०१३ नंतरचं मतदान व्हायला डिसेंबर २०२४ उजाडलं. अकरा वर्षं! एवढ्या काळात मतदार यादीतले किती जण निवृत्त होऊन गावी गेले असतील.

मग हायकोर्टानं करावं काय? हात बांधून बसावं असं मी म्हणत नाही. न्यायिक पुनरावलोकनाचा, म्हणजे निर्णय कायद्याला धरून आहे का हे तपासायचा, अधिकार कोणताही कायदा काढून घेऊ शकत नाही, हे एल. चंद्रकुमार प्रकरणानं १९९७ मध्ये पक्कं केलंय आणि ते चांगलंच आहे. प्रश्न अधिकार असण्याचा नाही, तो कधी आणि कशावर वापरायचा याचा आहे.

आकड्यांवर नको. कोणाच्या किती पावत्या खऱ्या, १३७ नंबरच्या सभासदाची सही जुळते का, हे शोधायला इंडस्ट्रियल कोर्टाकडे अधिकारी आहे, साक्षी आहेत, उलटतपासणी आहे. हायकोर्टापुढे फक्त प्रतिज्ञापत्रं असतात. रिटमध्ये कायद्याची ढळढळीत चूक दुरुस्त करायची, पुराव्याचं वजन पुन्हा करायचं नाही, हे सय्यद याकूब प्रकरणापासून, म्हणजे १९६३ पासून, प्रत्येक निकालात उद्धृत होतं. उद्धृत होतं आणि पुढच्या परिच्छेदात पावत्या मोजायला घेतल्या जातात, असंही दिसतं.

मतदार कोण, यावर मात्र हायकोर्टानं डोळ्यांत तेल घालून पाहावं, कारण मान्यतेचं खरं राजकारण तिथे आहे. हजेरीपटावर ४०० नावं आणि शॉप फ्लोअरवर १,१०० माणसं, हे आजच्या औद्योगिक पट्ट्यात आश्चर्य नाही. उरलेले सातशे कंत्राटदाराचे, किंवा ट्रेनी. त्यांच्याच हातून माल निघतो, पण मान्यतेच्या हिशेबात ते नाहीत. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन्ही, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये सांगितलं की मालक-कामगार नातंच वादात असेल तर आधी ते दुसरीकडे सिद्ध करून या, मग या कायद्याखाली अनुचित प्रथेची तक्रार करा. त्यामुळे कंत्राटी कामगाराला युनियनच्या मोजणीत शिरायचं तर आधी वेगळ्या न्यायाधिकरणात काही वर्षं काढावी लागतात, आणि तोवर कंत्राटदार बदललेला असतो. हा कायद्याचा प्रश्न आहे, नुसत्या आकड्याचा नाही. इथे हायकोर्ट शिरलं तर मला आनंद आहे. फक्त ते मोजणीआधी शिरावं. यादी प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक दिवसांत आक्षेप, ठरावीक दिवसांत निर्णय, आणि त्यानंतर दार बंद.

हा कायदा लागू होतो की नाही असला मूळचा वादही तसाच. टाटा मेमोरियल रुग्णालयासाठी 'समुचित शासन', म्हणजे कामगार कायद्यांपुरतं त्याचं सरकार, केंद्र की राज्य, यावर युनियनच्या मान्यतेचं भवितव्य टांगलेलं होतं. सुप्रीम कोर्टानं राज्य असं उत्तर दिलं ते २०१० मध्ये. असला प्रश्न पहिल्या महिन्यात निकाली निघायला हवा, शेवटच्या वर्षी नव्हे.

एकदा मतदान किंवा पडताळणी सुरू झाली की कोर्टानं काय करायचं, याचं उत्तर आपल्याकडे तयार आहे, फक्त ते दुसऱ्या खणात ठेवलंय. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुका मध्येच अडवता येत नाहीत, तक्रार असेल तर निकालानंतर निवडणूक याचिका, हे पोन्नुस्वामी प्रकरणात १९५२ सालीच ठरलं. पुढे २००० मध्ये अशोक कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टानं बारीक पण महत्त्वाचा भेद केला: निवडणूक पुढे सरकायला मदत करणारा हस्तक्षेप चालेल, ती अडवणारा किंवा लांबवणारा नाही. निवडणुकांत कोर्टाला मज्जाव करणाऱ्या अनुच्छेद ३२९ चं कवच कारखान्यातल्या मतदानाला नाही हे मला कळतं. पण न्यायालयानं स्वतःवर घालून घ्यायच्या शिस्तीला घटनेतलं कलमच लागतं असं कुठे आहे? मतदान केंद्र सुपरवायझरच्या केबिनला लागून ठेवलंय, अशी तक्रार आली तर ते हलवायला सांगा, मोजणी थांबवू नका. पेट्या सील करून तहसीलदाराकडे ठेवायच्या आणि दोन वर्षांनी उघडायच्या, हा तर सगळ्यात वाईट तोडगा, कारण त्यात कोणीच जिंकत नाही आणि व्यवस्थापनाला कोणाशीच बोलावं लागत नाही.

व्यवस्थापनाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट बोलतो. कामगारांनी आपला प्रतिनिधी कोण निवडला यावर कंपनी रिट का करते आणि कोर्ट ती ऐकून का घेतं? हजेरीपट देणं, जागा देणं, यादीतली चूक दाखवणं, इथे कंपनीचं काम संपतं. समोरच्या संघाचा कॅप्टन कोण असावा यावर आपला आक्षेप कोणी ऐकत नाही. कायदा लागू होतो का, हा मुद्दा कंपनीनं जरूर मांडावा. पण अमुक युनियनचे सभासद ३० टक्के नव्हते, २८ होते, हे सांगायला कंपनी येते तेव्हा ती कोणासाठी भांडते आहे हे न्यायमूर्तींनी पहिल्याच तारखेला विचारावं.

याला एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि त्यात दम आहे. कोर्टानं हात आखडता घेतला तर मालकाच्या खिशातली युनियन बनावट पावत्यांवर मान्यता घेऊन बसेल, मग खऱ्या कामगारांनी जायचं कुठे? कायद्यानं हा धोका ओळखलाय. कामगारांच्या नव्हे तर मालकाच्या हितासाठी केलेला अर्ज नाकारायचा, फसवणुकीनं मिळालेली मान्यता रद्द करायची, अशी तरतूद आहे. फसवणूक हा रिटचाही भक्कम पाया आहे. फरक इतकाच की फसवणुकीचा आरोप करणाऱ्यानं तपशील द्यावा, आणि त्याची सुनावणी आठवड्यांत संपावी. एकतर्फी स्थगिती आणि मग लांबलचक शांतता हा त्यावरचा उपाय नाही, त्याचा फायदा खिशातल्या युनियनलाच जास्त होतो. तिला वाट बघायला परवडतं, वर्गणीवर चालणारीला नाही.

इथे स्कॉटलंडमधलं एक प्रकरण आठवतं. ब्रिटनमध्ये मान्यतेचे वाद सेंट्रल आर्बिट्रेशन कमिटीकडे जातात, तिच्या निर्णयावर अपील नाही, आपल्यासारखंच फक्त पुनरावलोकन. २००१ मध्ये फुलर्टन कॉम्प्युटर इंडस्ट्रीज या कंपनीनं तक्रार केली की युनियनकडे निम्म्याहून जेमतेम जास्त सभासद असताना कमिटीनं मतदान न घेताच मान्यता दिली. न्यायमूर्तींना स्वतःला मतदानाकडे कल असावा असं वाटत होतं. तरी त्यांनी ढवळाढवळ केली नाही, कारण ज्यांना संसदेनं हे काम दिलं त्यांचा निर्णय अविवेकी नव्हता. मला त्या प्रकरणात मतदानच हवं होतं, म्हणजे निकाल माझ्या पसंतीचा नाही. पण 'मी असतो तर वेगळं केलं असतं' आणि 'हे बेकायदा आहे' यांतलं अंतर त्या न्यायालयानं पाळलं.

स्थगितीला मुदत असावी ही माझी मागणी कायद्याच्या वर्तुळात भाबडी ठरेल याची कल्पना आहे. सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप संपेल असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये म्हटलं होतं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनापीठानं ते मोडीत काढलं. सरसकट आपोआप संपणं धोक्याचं, हे बरोबर. पण आदेश देतानाच न्यायमूर्तींनी तारीख घालणं, आणि स्थगितीच्या काळात जुन्या युनियननं नवा करार करू नये अशी अट घालणं, याला कोणाची परवानगी लागत नाही. एवढी एक ओळ लिहिली असती तर वरच्या उदाहरणातले २६० जण युनियनमध्ये टिकले असते.

आता पाटी बदलते आहे. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात वाटाघाटी करणारी युनियन ठरते ती हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांच्या पाठिंब्यानं. कोणाकडेच ५१ नसले तर किमान २० टक्केवाल्यांची परिषद. मान्यता तीन वर्षांसाठी, वाढवून जास्तीत जास्त पाच. पाठिंबा पडताळायची रीत नियमांवर सोडलेली आहे. आणि ५१ टक्के हजेरीपटाचे, पडलेल्या मतांचे नव्हेत. म्हणजे त्या दिवशी रजेवर असलेला, नाईट करून झोपलेला, सुपरवायझरच्या नजरेला भिऊन घरी राहिलेला, हे सगळे हिशेबात 'नाही' म्हणून धरले जाणार. युनियनांमधले वाद न्यायाधिकरणाकडे, त्यात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य. तिथून पुढचा रस्ता पुन्हा हायकोर्टाचाच, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूर.

या संहितेखालची पहिली मोठी याचिका ५१ टक्क्यांवर नसेल असा माझा अंदाज आहे. ती हजेरीपट कोणत्या तारखेचा, यावर असेल. अर्ज केला त्या दिवशीचा, की मतदानाच्या दिवशीचा, की कंपनीनं मधल्या महिन्यात दीडशे नवी नावं चढवली त्यानंतरचा? त्या याचिकेवर पहिल्या तारखेला काय आदेश होतो ते मी बघणार आहे.